ओल्या रंगावरचं बोट

“कोण म्हणते?” असं विचारायचे आणि ओल्या रंगाला बोट लावून पाहायचे.

सरांची ही सवय. मी पाटी रंगवून दुकानाबाहेर वाळत टेकवलेली असायची. खाली खडूनं लिहिलेलं असायचं, रंग ओला आहे. जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळचा रस्ता तो, माणसांची ये-जा फार. लोक वाचायचे आणि बाजूनं निघून जायचे. सर थांबायचे. चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, पुन्हा चढवायचे. मग वाकून हळूच बोट टेकवायचे. झोपलेल्या पोराचा ताप पाहावा तसं.

“सर, ओला हाय म्हणून लिहिलं न तिथं!”

“कोण म्हणते?”

“मी म्हणतो. मीच रंगवलं, मीच लिहिलं.”

“मंग तर पाहालेच पायजे.”

बोटाला लागलेला रंग ते दुकानातल्या डब्याला पुसायचे. डिस्टेंपरचा मोठा रिकामा डबा, पालथा घातलेला. माझे ब्रशही मी त्यालाच पुसत असे. मग त्याच डब्यावर वर्तमानपत्र टाकून सर बसायचे. एकदा वर्तमानपत्र टाकायचं विसरले. हिरवा रंग होता. ती पँट त्यांनी पुढं कितीतरी वर्षं वापरली. मागं हिरवा ठसा घेऊन गावभर फिरले आणि कोणी हसलं की म्हणायचे, “पेंटरची सही हाय.”

त्यांचं नाव लिहीत नाही. गावात सगळे त्यांना ड्रॉइंगवाले सर म्हणत, तेवढं पुरे. मूळचे धाड गावाकडचे, इकडं शाळेत चित्रकला शिकवायला आले आणि रिटायर झाल्यावरही राहिले. बायको पोराकडं पुण्याला गेली, ते गेले नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “पुण्यात बसाले डबा नाही.”

तुम्ही म्हणाल, शाळामास्तर आणि पेंटर, यांचं काय जमत असेल? जमत नव्हतंच. रोज भांडण व्हायचं. मी चौथी शिकलेला माणूस. पण अक्षरं मी मास्तरांपेक्षा जास्त लिहिलीत, आणि मोठी लिहिलीत. या तालुक्यात दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या मागची नावं, सगळी माझ्या हातची होती. आता फ्लेक्स आले. असो.

माझं खरं नाव झालं ते मेलेल्या माणसांवर. खेड्यातला म्हातारा जिवंतपणी कधी फोटो काढायचा नाही. गेला की घरच्यांची धावपळ. खुर्चीत बसवायचे, मागून कोणीतरी धरायचं आणि एक फोटो काढायचे. मान कलंडलेली, डोळे मिटलेले. तो फोटो घेऊन तेरवीच्या आत माझ्याकडं यायचे. म्हणायचे, “पेंटर, बाबाचे डोळे उघडून द्या.”

मी उघडायचो. मान सरळ करायचो, पटका नीट बांधायचो, गालावरचा मस काढून टाकायचो. इकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर जे म्हातारे डोळे उघडे ठेवून बसलेत, त्यांचे डोळे माझ्या हातचे आहेत. एक गोष्ट सांगतो. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नसायचं. मग डोळे आणायचे कुठून? मी माझ्या बापाचे द्यायचो. माझ्या नीट ध्यानात असलेले डोळे तेवढेच. अर्धा तालुका माझ्या बापाच्या डोळ्यांनी पाहतोय. कोणी तक्रार केली नाही. उलट बाया चित्र पाहून रडायला लागायच्या. म्हणायच्या, “बोलते का काय बापा आता!”

सर मात्र म्हणायचे, “हात चांगला हाय पेंटर.”

एवढंच. हात चांगला हाय. कला हाय असं कधी म्हणाले नाहीत. मला तेवढंच ऐकायचं होतं. बाकी गावानं काय म्हटलं, त्याची मला पर्वा नव्हती. गावाला चित्रातलं काय कळतं? सरांना कळत होतं. म्हणून त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि हेच सर एक दिवस मला मुतारीची गोष्ट सांगतात.

पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणाले. तिकडं युरोपात. पोरं किड्यामुंगीसारखी मरत होती. आणि ज्यांनी युद्ध लावलं, त्यांच्या घरात भारी भारी चित्रं टांगलेली, संध्याकाळी गाणं-बजावणं चालू. मग लढाईतून अंग काढून काही पोरं झुरिक नावाच्या शहरात गोळा झाली. चित्रं काढणारी, कविता करणारी. ती म्हणाली, इतकी सुंदर कला घरात असून तुम्ही माणसं मारलीच ना? मग नको ती कला. त्यांनी वेडंवाकडं चालू केलं. स्टेजवर जाऊन अर्थ नसलेल्या कविता ओरडायचे. अंगात पुठ्ठ्याचे कपडे घालायचे. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं दादा.

“कोणाचा दादा?” मी विचारलं.

“कोणाचा नाही. नावालेही अर्थ नको म्हणून ठेवलं.”

पुढं हे वारं अमेरिकेत गेलं. तिथं एकानं दुकानातून मुतारीचं भांडं विकत आणलं, त्याच्यावर खोटी सही केली आणि प्रदर्शनात पाठवून दिलं. चित्र म्हणून.

“मंग? हाणला असन त्याले.”

“प्रदर्शनवाल्याइनं ठेवलं नाही. पण आज साऱ्या जगात त्याच्यावर पुस्तकं हायेत.”

माझं डोकं फिरलं. ब्रश खाली ठेवला. “म्हणजे मुतारी कला, अन् मी मेलेल्या माणसाले जिता करतो ते कला नाही?”

“तुमी लोकाइले पायजे तसं करता. परवाच्या बुढ्याच्या गालावर मस होता. कुठी गेला?”

“घरच्याइनं काढाले सांगतला.”

“तेच म्हणतो मी.”

“अन् त्या भांड्याले कोणं कला केलं? ते तं कारखान्यातलं!”

सरांनी चष्मा काढला, पुसला. “मुतारी मुतारी राहत नाही कवा, पेंटर? जवा तिच्यात मुतायची मनाई होते. बस. त्या दिवसापासून लोक तिच्याकडं पाहाले लागतात. तोवर कोणं पाह्यलं होतं तिच्याकडं?”

त्या दिवशी माझ्यासमोर ग्रामपंचायतीची पाटी होती. तुम्ही ओळखली असेल. येथे लघवी करू नये. सरांनी ती पाहिली आणि इतके हसले की डब्यावरून घसरले. “अरे बापा! तुमी तं जनमभर हेच काम करून राह्यले! भिंती भिंती कला करत फिरले, अन् तुमालेच मालूम नाही!”

मला हसू आलं नाही. मी पाटी पूर्ण केली.

त्याच वर्षी असं झालं. बाजारातल्या ब्यूटी पार्लरसाठी मी एक बाई रंगवली होती. गाल, केस, नथ, सगळं एक नंबर. कोण्या पोट्ट्यानं एका दुपारी तिला कोळशानं मिशा काढल्या. चांगल्या पिळदार. मी काठी घेऊन निघालो. सर आडवे आले. “पेंटर, थांबा! पाया पडतो तुमच्या, पुसू नका!” मग सांगितलं की दादावाल्यांपैकी एकानं जगात सगळ्यांत गाजलेल्या बाईच्या छापील चित्राला अशाच मिशा काढल्या होत्या. “तुमचं नाव त्या चित्रकाराच्या बरोबरीले बसलं आज.”

“माझं कोणतं? मिशा तं दुसऱ्यानं काढल्या!”

“म्हणून तं.”

मी मिशा पुसल्या. सर चार दिवस डब्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले. मी चहा सांगितला.

आता ती टोपीची गोष्ट सांगतो. ती गाजली.

दादावाले कविता कशी करायचे, हे त्यांना मला दाखवायचं होतं. एका बाजाराच्या दिवशी कात्री आणि वर्तमानपत्र घेऊन आले. बातम्यांतले शब्द कापले, माझी टोपी मागून घेतली, त्यात टाकले, हलवले आणि डोळे मिटून एक एक काढत मोठ्यानं वाचायला लागले. “तूर निलंबित. लग्नात मुरूम जोरदार. दुपारी अध्यक्ष फुटले.” शेजारी चहाची टपरी. बाजाराला आलेली शेतकरी मंडळी कप हातात घेऊन ऐकत होती. कोणी हसलं नाही. माना डोलावत होते. सर खूश झाले. म्हणाले, “पाहा पेंटर, लोकाइले भिडली कविता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर जामोदकडचे एक म्हातारे काका अजून दोघांना घेऊन हजर. सर आल्यावर काकांनी हात जोडले. “सर, तूर निलंबित निघाली म्हणता. मंग आमी तूर पेरतच नाही. सोयाबीनची तेवढी चिठ्ठी काढा.”

सरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा तोंड पांढरं पडलं. “अहो काका, याले काही अर्थ नाही! अर्थ नसावा म्हणून तं केलं मी हे!”

काका शांतपणे म्हणाले, “अर्थ तुमाले नसन लागत. आमाले लागला.”

आता तुम्ही इकडचे असाल तर काकांना हसणार नाही. आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. गोल आखून कडेनं धान्य. मधे खड्डा, त्यात चार ढेकळं. ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. वर पाण्याची घागर, पुरी, पानाचा विडा. रात्रभर तिथं कोणी जायचं नाही. सकाळी काय हाललं, काय भिजलं, त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. पेरणीच्या आधी लोक ते ऐकायला लांबून येतात. तेव्हा टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या तर काकांना त्यात भाकीतच दिसणार. दुसरं काय दिसेल?

काकांना सरांनी कसंतरी वाटेला लावलं. सोयाबीन पेरा, तूरही पेरा, म्हणाले. मग दिवसभर डब्यावर बसून होते. संध्याकाळी म्हणाले, “पेंटर, त्या पोराइच्या हातून युद्धात अर्थ सुटून गेला होता, म्हणून त्याइनं दादा केलं. इथं टोपीतून कचरा काढला, तरी माणूस त्यात पाऊसपाणी पाहते. इथं दादा कसं करावं?”

पुढच्या अक्षय तृतीयेला मीच त्यांना घट पाहायला घेऊन गेलो. इतकी वर्षं तालुक्यात राहून ते गेले नव्हते. अंधश्रद्धा म्हणायचे. पहाटे शेतात ही गर्दी. सर माणसांतून वाट काढत पुढं गेले. मला वाटलं, आता बोट लावतात. लावलं नाही. हात मागं बांधून उभे राहिले.

“हा विडा काय?” त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं.

“राजा.”

“कोण म्हणते?”

तो शेतकरी त्यांच्याकडं पाहतच राहिला. “सारेच म्हणतात.”

“अन् रात्री कोणी खाऊन टाकला असता तं?”

“राजाले कोण खाईल बापा?”

परतताना जीपमध्ये सर बाहेरची शेतं पाहत होते. गावाच्या अलीकडं एकदम मोठ्यानं म्हणाले, “पानठेल्यावर तोच विडा खायचा. तिथं खायचा नाही. एवढाच फरक! मुतारीत अन् त्याच्यात काहीच फरक नाही!”

जीपमधली सगळी माणसं वळली. “हळू बोला सर,” मी म्हटलं, “मार खासान.”

त्यानंतर मला वाटलं, माणूस नरमला. म्हणून एक दिवस मागच्या भिंतीवरचं चित्र दाखवलं. माझ्या बायकोचं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या चित्रावर मी कापड टाकून ठेवत असे. सर उठून जवळ गेले. पुष्कळ वेळ पाहिलं.

“वैनी अशा हसत होत्या?”

“नाही.”

“मंग?”

“हसाले पायजे होतं तिनं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, चढवला, पुन्हा काढला. मला वाटलं, आता म्हणतात. आता तो शब्द येतो. ते म्हणाले, “कापड टाकू नका. हवा लागू द्या.” मग म्हणाले, “चहा सांगा.”

मी चहा सांगितला. माझाही स्वभाव असा आहे की मागून घ्यायचं नाही. पण मग हट्टाला पेटलो. म्हटलं, “सर, एक दिवस माझ्यासमोर बसा. तुमचं चित्र काढतो. मस नाही काढून टाकत, काहीच काढून टाकत नाही. मंग सांगा कला हाय का नाही.”

“जित्या माणसाचं तुमी कवा काढलं?”

“म्हणूनच म्हणतो.”

“मी मेल्यावर काढजा. तुमाले सवय हाय.”

“मेल्यावर तुमी सांगसान कसं?”

“तेच तं,” म्हणाले, आणि हसले.

मी दरवर्षी विचारलं. दरवर्षी हेच उत्तर. पुढं पाट्यांचं काम बंद पडत गेलं. सरांचं बोट लावणंही कमी झालं, कारण बाहेर वाळत टेकवायला काही नसायचं. मग कधीमधी मी उगाच एखादा पत्रा रंगवून बाहेर ठेवायचो. सर यायचे, बोट लावायचे, डब्याला पुसायचे. दोघं रस्त्याकडं तोंड करून बसायचो. गाड्या जायच्या. सातपुडा दिसायचा, कधी धुरकट, कधी साफ. बोलायला काही उरलं नव्हतं आणि कोणी उठतही नव्हतं.

सरांना खामगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. गेल्याची बातमी चहावाल्यानं आणली. मला त्या दिवशी एक काम होतं, दूध संकलन केंद्राची भिंत. ‘केंद्र’मधला द्र अर्धा झाला होता. मी तो पूर्ण केला. ब्रश धुतले. चहावाला म्हणाला, “काही तं बोला, बाबा.” हात धुवायला रॉकेल कमी पडलं, तेवढं आठवतं.

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा आला. पुण्याला कंपनीत आहे, चांगला मुलगा. बूट बाहेर काढून आत आला. मोबाइल पुढं केला. “काका, बाबांनी कधी फोटोच काढू दिला नाही. हा दवाखान्यातला आहे, शेवटचा. तेरवीला लावायला चित्र हवंय.” मोबाइल माझ्या हातात दिला. “डोळे उघडून द्याल ना?”

फोटोत सर डोळे मिटून होते. चष्मा नव्हता. मान कलंडलेली.

मी हो म्हटलं. मला कोण अडवणार होतं? त्यांनीच सांगून ठेवलं होतं, मेल्यावर काढजा म्हणून. बोर्ड घासला, पांढऱ्या रंगाचा हात दिला, तो वाळू दिला. कपाळ काढलं, नाक काढलं. हनुवटीखालचा मसही काढला, तसाच ठेवला. पांढऱ्या भुवया काढल्या. डावा कान तर असा उतरला की फोटोची गरजच पडली नाही. तो कान मी इतकी वर्षं बाजूला बसून पाहिला होता.

डोळ्यांपाशी आलो.

बापाचे डोळे द्यायला ब्रश उचलला. दिले नाहीत. यांना ते देता येत नव्हते. मग यांचे कोणते? आठवायला लागलो. सर दुकानात यायचे तेव्हा पाटीवर वाकलेले असायचे. बसायचे तेव्हा माझ्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून. चष्मा काढायचे तेव्हा खाली बघत पुसायचे. समोरून त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाहिलंच नव्हतं. घारे होते का काळे, तेही सांगता येईना. कपाळ, नाक, कान सगळं जागेवर आणि मधे दोन पांढऱ्या जागा.

मुलगा तेरवीच्या आदल्या दिवशी आला. बोर्डाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“काका, डोळे?”

“नाही जमत,” मी म्हटलं. हा शब्द कामाच्या बाबतीत माझ्या तोंडून पहिल्यांदा गेला.

“असू द्या काका, तुमचं वय झालं,” तो म्हणाला. नरमाईनं म्हणाला. “फ्लेक्स करतो.”

फ्लेक्स चौकात लागला, माझ्या दुकानासमोरच. मोबाइलनं डोळे उघडून दिले होते. कोणाचे होते कोणास ठाऊक, टवटवीत, पंचविशीतल्या पोराचे. मागं निळं आभाळ, उडणारी पाखरं. गळ्यात छापील हार. गावातली माणसं थांबून म्हणायची, “हुबेहूब हायेत सर.” मी दुकानात बसून ऐकत होतो. “कोण म्हणते?” असं विचारणारं कोणी नव्हतं.

वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा फाटला, मग तो उतरवला. आता तो मंदिरामागं कोणाच्या तरी गुरांच्या कुटारावर झाकलेला आहे, चेहरा खाली करून. चांगलं जाड कापड आहे, पाऊस आत जाणार नाही.

माझा बोर्ड दुकानात आहे, बायकोच्या शेजारी. कापड टाकत नाही. दोन पांढऱ्या जागा तशाच आहेत. कोणी विचारलं तर सांगतो, काम चालू आहे.

परवा एक टेम्पोवाला आला. नंबर लिहून पाहिजे होता, मागं-पुढं. तरणा होता, घाईत होता. मी ब्रश शोधत होतो, तोवर त्यानं पायानं डबा ओढला आणि बसायला वाकला.

“उठ,” मी म्हटलं. “तिथी नको बसू.”

“काऊन बाबा? रंग ओला हाय का?”

मी डब्याकडं पाहिलं. हिरवा, तांबडा, निळा, पिवळा. थरावर थर चढून सगळीकडून गाठी झालेल्या. बोटांचे ठसे होते त्यावर. कित्येक दिवसांत मी ब्रश पुसला नव्हता. खणखणीत वाळलेला होता.

“हाव,” मी म्हटलं. “ओला हाय.”

तो बाजूला होऊन उभा राहिला. बोट लावून पाहिलं नाही त्यानं.